संध्याकाळच्या युनिटला भाव हवा

ऑक्टोबर 2024 मध्ये वारी एनर्जीज या मुंबईच्या सौर पॅनेल कंपनीचा आयपीओ आला तेव्हा सुमारे 97 लाख अर्ज पडले. तोवर देशात कुठल्याही आयपीओला एवढे अर्ज आले नव्हते. 1,503 रुपयांना दिलेला शेअर 28 ऑक्टोबरला राष्ट्रीय शेअर बाजारात 2,500 रुपयांवर उघडला आणि तेव्हापासून ‘सोलरमध्ये काय घेऊ?’ हा प्रश्न घरोघरी आहे. नातेवाईक विचारतात, ऑफिसातले सहकारी विचारतात, नुकताच पीएफ हातात आलेले शिक्षक विचारतात. सौरऊर्जा वाढत जाणार याची त्यांना खात्री असते, आणि ती खात्री बरोबरच आहे. गडबड होते ती पुढच्या पायरीवर. सौरऊर्जा वाढणार म्हणजे सौर कंपनीचा शेअरही वाढणार, असं सगळे धरून चालतात.

मला ते पटत नाही. ज्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला स्वतःची गच्ची आहे, त्याच्यासाठी आज सौरऊर्जेतली सगळ्यात भरवशाची गुंतवणूक ती गच्चीच आहे. घरगुती सौर आणि घरगुती बॅटरी यांच्या कंपन्यांत डोळसपणे पैसे घालता यावेत असं वाटत असेल, तर आधी एका सार्वजनिक प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं. संध्याकाळी सात वाजता, सगळ्यांना वीज हवी असताना, एखाद्या घराने आपल्या बॅटरीतून ग्रिडला एक युनिट दिलं तर त्याला किती पैसे मिळणार? आज आपल्याकडे याचं उत्तर कुठल्याही दरपत्रकात नाही.

छतावरच्या सौर विजेचा धंदा प्रचंड भांडवल ओतून करून पाहिला तो अमेरिकेने, म्हणून आधी तिथलं पाहू. सनपॉवर ही कंपनी 1985 साली स्टॅनफर्डचे प्राध्यापक रिचर्ड स्वान्सन यांनी काढलेली. तिची पॅनेल जगातल्या सर्वांत कार्यक्षम पॅनेलांत गणली जायची. 5 ऑगस्ट 2024 ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. घरगुती सौरसाठी कर्ज देणारी मोझेइक जून 2025 च्या पहिल्याच आठवड्यात गेली आणि तिच्यामागून दोन दिवसांत ह्यूस्टनची सनोव्हा. सोलरसिटीला त्याआधीच, 2016 मध्ये, टेस्लाने पोटात घेतलं होतं. राहिली सगळ्यात मोठी, सनरन. तिचा शेअर जानेवारी 2021 मध्ये 90 डॉलरच्या वर होता, जून 2025 मध्ये 10 डॉलरच्या खाली. 17 जून 2025 या एका दिवशी तो सुमारे 40 टक्के कोसळला, कारण करसवलती कापणारा मसुदा अमेरिकी सिनेटमध्ये पुढे आला होता. 4 जुलैला प्रत्यक्ष कायदा झाला तो भाड्याच्या पॅनेलांच्या बाबतीत त्या मसुद्यापेक्षा सौम्य निघाला, आणि काही महिन्यांत तोच शेअर तळापासून दुपटीहून वर गेला.

या सगळ्या काळात छतांवरची पॅनेल ठरल्याप्रमाणे वीज देत होती. तंत्रज्ञान कुठेही फसलं नाही.

फसली ती धंद्याची रचना. या कंपन्या वरवर सौर कंपन्या दिसत, मुळात त्या कर्ज उभारणाऱ्या कंपन्या होत्या. त्या घरमालकाकडून सुरुवातीला काहीच घेत नसत. पॅनेल कंपनीच्या मालकीची, घरमालकाने वीस-पंचवीस वर्षं दरमहा पैसे द्यायचे, आणि बऱ्याच करारांत ती रक्कम दरवर्षी थोडी वाढत जाणार. खर्च आज, उत्पन्न पाव शतकभर. मधली दरी भरून काढायला 30 टक्के केंद्रीय करसवलत बँकांना विकायची, हजारो करारांची मोट बांधून त्यांवर रोखे काढायचे, आणि आलेल्या पैशातून पुढच्या मोहल्ल्यात दारोदार विक्रेते पाठवायचे. व्याज शून्याजवळ होतं तोवर हे चक्र फिरलं. मार्च 2022 ते जुलै 2023 या काळात अमेरिकी मध्यवर्ती बँकेने दर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला आणि चक्राला खीळ बसली. स्वस्त कर्ज, करसवलत आणि वीज नियामकाचा दर, या तिघांवर उभा असलेला हा धंदा म्हणजे दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणं होतं.

तिसऱ्या ओंजळीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती थेट आपल्याला लागू आहे. डिसेंबर 2015 मध्ये नेवाडा राज्याच्या नियामकाने छतावरून ग्रिडला जाणाऱ्या विजेचा मोबदला कापला आणि स्थिर आकार वाढवला. नवा दर नव्या ग्राहकांना लावला असता तर वाद झाला असता, पण विश्वास तुटला नसता. नियामकाने तो ज्यांनी आधीच पॅनेल बसवली होती त्यांनाही लावला. काही आठवड्यांत सोलरसिटी आणि सनरनने राज्यातली नवी कामं बंद केली, शेकडो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. पुढे 2016 मध्ये जुन्या ग्राहकांना जुना नियम परत द्यावा लागला आणि 2017 मध्ये नवा कायदा करावा लागला. कॅलिफोर्नियाने हा धडा घेतला. 15 एप्रिल 2023 पासून तिथे नव्या ग्राहकांसाठी ग्रिडला दिलेल्या युनिटचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने घटला, पण आधीच्यांना वीस वर्षांचं संरक्षण राहिलं. तिथल्या सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या एकाच गल्लीतल्या दोन मराठी घरांत आज दोन वेगळे नियम चालतात, ते यामुळे. नव्या घरांनी मग साधा विचार केला. दुपारची वीज मातीमोल भावाने द्यायची असेल तर ती साठवून संध्याकाळी वापरू. तिथल्या नव्या सौर जोडण्यांबरोबर बॅटरी घेणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने वाढलं. पॅनेल विकून चालणाऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या मात्र त्या बदलात बुडाल्या.

आता आपल्याकडे येऊ. आपली परिस्थिती वेगळी आहे आणि काही बाबतींत ती चांगली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना 75,021 कोटींची आहे आणि एक कोटी घरांचं लक्ष्य ठेवते. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, आणि पुढे कितीही बसवा, कमाल 78,000 रुपये. अनुदान घरमालकाच्या खात्यात येतं, पॅनेल घरमालकाच्या मालकीची असतात, आणि बसवणारा बहुतेक वेळा गावातलाच व्हेंडर असतो. अमेरिकेसारखे पंचवीस वर्षांचे भाडेकरार आपल्या छतांवर अजून फारसे आलेले नाहीत. गुजरातखालोखाल या योजनेत महाराष्ट्र आहे, याचा मला आनंद वाटतो.

मग शेअर बाजारात आपण नेमकं काय विकत घेतो? मुख्यतः पॅनेलचे कारखाने. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या मान्यताप्राप्त यादीतल्या पॅनेल कारखान्यांची क्षमता 100 गिगावॅटच्या पुढे गेली. 2024-25 या वर्षात देशात प्रत्यक्ष बसलेली सौर क्षमता 24 गिगावॅटच्या आसपास होती. उरलेला माल परदेशी जायला हवा आणि त्यासाठी मोठी बाजारपेठ अमेरिका, जिने 2025 मध्ये भारतीय मालावर आयातशुल्काचा डोंगर रचला आणि भारतातून येणाऱ्या सौर मालाची वेगळी चौकशीही लावली. देशात या कारखान्यांना चिनी पॅनेलांपासून वाचवतात ते आयातकर, मान्यताप्राप्त यादी आणि अनुदानासाठी देशात बनलेल्या सौर सेलची अट. मी या धोरणांच्या विरोधात नाही. पण ज्या नफ्याची भिंत सरकारी अधिसूचनेने बांधलेली आहे, ती अधिसूचनेनेच पडू शकते. निवृत्तीचे पैसे लावणाऱ्याला हे माहीत असावं, एवढंच.

गच्चीचं गणित याहून सरळ आहे. महावितरणचाच आडाखा धरला तर एक किलोवॅटमागे महिन्याला सुमारे 120 युनिट मिळतात, तीन किलोवॅटचे 360. महिना तीनशे युनिट लागणाऱ्या घराचं बिल स्थिर आकारापुरतं उरतं. अनुदान वजा जाता घातलेले पैसे साधारण चार-पाच वर्षांत वसूल होतात आणि पॅनेल त्यापुढे वीसेक वर्षं चालतात. वाचलेल्या रुपयावर आयकर नाही. वीजदर वाढला तर बचतही वाढते. असा परतावा देणारी आणि सकाळ-संध्याकाळ भाव बघायला न लावणारी दुसरी गुंतवणूक मध्यमवर्गाच्या आवाक्यात मला तरी दिसत नाही.

पण हे गणित नेट मीटरिंगवर, म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट ग्रिडकडून घेतलेल्या युनिटांतून वजा करण्यावर, उभं आहे, आणि नेट मीटरिंगखालची जमीन हलायला लागली आहे. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या 2025 च्या वीजदर सुनावणीत हा प्रश्न पेटला. दिवसा तयार झालेले युनिट दिवसाच्याच वापरातून वळते करावेत, या विचाराला ग्राहकांनी आणि सौर व्यावसायिकांनी कडाडून विरोध केला. याचा अर्थ एका घराच्या मीटरवर काय होतो ते पाहू. घराचा रोजचा वापर दहा युनिट. त्यातले चार सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत, कारण माणसं कामावर असतात, फ्रिज आणि पंप तेवढे चालतात. सहा युनिट संध्याकाळनंतर. दिवे, टीव्ही, मिक्सर, मुलांच्या खोलीतला एसी. गच्चीवर बारा युनिट होतात, सगळे दिवसा. आजच्या नेट मीटरिंगमध्ये दहा वळते होऊन दोन शिल्लक. वेळेनुसार हिशेब केला तर फक्त चार वळते होतात, आठ युनिट पडेल भावात ग्रिडला जातात आणि सहा युनिट पूर्ण दराने विकत घ्यावे लागतात. पॅनेल तीच, ऊन तेच, आणि चार वर्षांत फिटणारी गुंतवणूक दहा वर्षांकडे सरकते.

विरोध करणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. तरी महावितरणचं म्हणणं धुडकावून लावण्यासारखं नाही. तारा, रोहित्रं, लाइनमन यांचा खर्च सौर घरालाही लागतोच, कारण रात्री ते घर ग्रिडवरच असतं. जास्त बिल भरणारी घरं बिलातून सुटली की तो भार शंभर युनिटांच्या आतल्या चाळीतल्या कुटुंबावर जातो, आणि त्याच्या डोक्यावर पॅनेल लावायला स्वतःचं छतही नसतं. शिवाय मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून 16,000 मेगावॅट सौर वीज शेतीसाठी उभी राहते आहे. रात्री-अपरात्री विंचूकाट्यात पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं ही किती वर्षांची मागणी होती. ती पुरी होत असताना दुपारची वीज मुबलक आणि स्वस्त होणार, हे उघड आहे. 1 जुलै 2025 पासून टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारा, मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत जाहीर झाली, तीही याच कारणाने. दुपारी वापरा, कारण दुपारी भरपूर आहे.

ठीक आहे. दुपारचं युनिट स्वस्त, हे मान्य करू. मग संध्याकाळचं युनिट महाग आहे, हेही व्यवस्थेने मान्य करायला हवं, आणि घेताना जसं मान्य करता तसं देतानाही. सात वाजता महावितरणला लागणारी वीज औष्णिक केंद्रं ताणून किंवा बाजारातून चढ्या भावाने आणावी लागते. त्याच वेळी नाशिकच्या एखाद्या घरातली बॅटरी तीन युनिट द्यायला तयार असेल, तर त्या घराला त्या वेळचा भाव का मिळू नये? दुपारचा मोबदला कापायचा आणि संध्याकाळचा द्यायचाच नाही, हा अर्धा न्याय झाला, आणि अर्ध्या न्यायावर कुठलाही धंदा उभा राहत नाही.

बॅटरी मराठी घराला नवी नाही. 2005 नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत जिल्ह्याच्या गावांत आणि तालुक्यांत लाखो घरांनी इन्व्हर्टर घेतले. जिन्याखाली ती जड ट्यूब्युलर बॅटरी, तिच्यात दर काही महिन्यांनी घालायचं डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलवर साचणारी पांढरी-हिरवी भुकटी. ती साठवण ग्रिडपासून स्वतःला वाचवण्यासाठी होती. ग्रिडवर वीज असली की ती भरून घ्यायची, आणि तेही ऐन संध्याकाळी, जेव्हा सगळ्यांनाच वीज हवी असते. म्हणजे पैसे घराचे आणि ताण ग्रिडवर. आताची लिथियम बॅटरी नेमकं उलटं करू शकते. दुपारी छतावरून भरायची, सातला घराला आणि उरलं तर शेजाऱ्यांना द्यायची. 2010 च्या सुमाराला या बॅटऱ्यांचा भाव किलोवॅट-तासामागे, म्हणजे एक युनिट साठवण्याच्या क्षमतेमागे, हजार डॉलरच्या वर होता. 2024 मध्ये पॅकचा सरासरी भाव 115 डॉलरवर आला.

पॅनेल बसवलेल्या अनेकांना एक गोष्ट पहिल्या पावसाळ्यात कळते आणि धक्का बसतो. महावितरणची वीज गेली की स्वच्छ ऊन असतानाही छतावरची वीज बंद पडते. सोसायटीची लिफ्ट थांबते, पंप थांबतो, आणि वर पॅनेल तापत बसलेली असतात. हा बिघाड नाही. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला उलट्या प्रवाहाचा झटका बसू नये म्हणून ग्रिडशी जोडलेला इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, आणि त्याने ते करायलाच हवं. पण हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी असेल तर घर तेवढ्यापुरतं ग्रिडपासून सुटं होऊन चालू राहू शकतं. सूर्यघरचं अनुदान मात्र बॅटरीला नाही. एक कोटी घरांच्या योजनेत ही मोठी उणीव आहे असं मला ठामपणे वाटतं.

हजारो घरांतल्या बॅटऱ्या एकत्र बांधून त्यांचं एक वीजकेंद्र करता येतं, हे आता प्रयोगशाळेतलं स्वप्न राहिलेलं नाही. 29 जुलै 2025 ला कॅलिफोर्नियात एक लाखाहून अधिक घरगुती बॅटऱ्यांनी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत सरासरी 535 मेगावॅट वीज ग्रिडला दिली. एका मोठ्या औष्णिक संचाएवढी वीज, तीही धुराड्याशिवाय. त्या बॅटऱ्यांचा मोठा वाटा सनरन आणि टेस्ला यांच्या ग्राहकांचा होता. म्हणजे जी सनरन पॅनेलच्या भाड्यावर डुगडुगत होती, तिच्याकडे आता विकायला संध्याकाळ आहे. 2021 पासून तिच्या प्रमुख असलेल्या मेरी पॉवेल त्याआधी व्हरमाँटमधल्या ग्रीन माउंटन पॉवर या वीज कंपनीच्या प्रमुख होत्या. त्या कंपनीने 2017 पासून ग्राहकांच्या घरी माफक मासिक भाड्याने बॅटऱ्या बसवायला सुरुवात केली. वीज गेली तर बॅटरी घराची, मागणीचा कळस असेल तेव्हा कंपनीची. कळसाच्या वेळची महाग खरेदी टळली आणि तो फायदा बॅटरी नसलेल्या ग्राहकांच्या बिलापर्यंतही पोचला. ऑस्ट्रेलियात 40 लाखांहून जास्त छतांवर पॅनेल आहेत. तिथल्या सरकारने 1 जुलै 2025 पासून घरगुती बॅटऱ्यांना सुमारे 30 टक्के सूट दिली आणि ग्रिडला जोडलेली बॅटरी अशा सामूहिक वापराला योग्य असलीच पाहिजे, अशी अट घातली.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, हे सगळं बंगलेवाल्यांसाठी झालं, गरिबाने काय करायचं. आक्षेप खरा आहे. म्हणूनच व्हरमाँटचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. बॅटरी कोणाच्या घरात आहे यापेक्षा तिच्यामुळे टळलेला खर्च कोणाच्या बिलात वाटला जातो, हे महत्त्वाचं. महावितरणने संध्याकाळचं युनिट बाजारभावापेक्षा थोड्या कमी दराने घरांकडून घेतलं तर मधला फरक चाळीतल्या त्या शंभर युनिटवाल्या कुटुंबाचा. आणि सोसायट्यांना सामायिक सोयींसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपयांचं अनुदान आहेच. त्याला पार्किंगमधल्या सामायिक बॅटरीची जोड दिली तर वन बीएचके वाला भाडेकरूसुद्धा यात येतो.

दुसरा अडसर विश्वासाचा आहे. स्मार्ट मीटरवरून महाराष्ट्रात केवढा रोष झाला ते आपण पाहिलं. सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जून 2024 मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं. लोकांना मीटर म्हणजे खिशातला हात वाटतो, कारण आजवर त्याने फक्त घेतलं आहे. त्याच मीटरवर महिन्याअखेर ‘संध्याकाळी दिलेले युनिट’ असा रकाना येऊन समोर रुपये दिसले, तर हा रोष बराचसा निवळेल असं मला वाटतं.

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हा रकाना आयपीओच्या शंभर पानी माहितीपत्रकाहून मोठा आहे. तो आला की सांगलीतला, अकोल्यातला व्हेंडर पॅनेल बसवून मोकळा होणार नाही. पाचशे बॅटऱ्या सांभाळून दरमहा उत्पन्न मिळवणारी सेवा चालवू शकेल. अशा सेवेची कंपनी झाली, शेअर बाजारात आली, तर तिच्याकडे बघावं. तोवर कुठल्याही घरगुती सौर कंपनीचा शेअर घेण्यापूर्वी एवढं तपासा : उद्या अनुदान थांबलं तर तिचं उत्पन्न किती उरतं, व्याजदर दोन टक्क्यांनी वाढला तर कर्जाचा हप्ता जातो का, आणि जुन्या ग्राहकांकडून तिला दरवर्षी काही मिळतं की प्रत्येक वर्षी नवं गिऱ्हाईक शोधावं लागतं. सूर्यघर योजनेतही आता कंपनीच्या मालकीच्या पॅनेलांचा, म्हणजे रेस्को पद्धतीचा मार्ग खुला झाला आहे. तो करार पुढ्यात आला तर कंपनी बुडाल्यावर छतावरच्या पॅनेलांचं, दुरुस्तीचं आणि उरलेल्या वर्षांचं काय, हे कलम आधी वाचा. सनोव्हाच्या ग्राहकांना ते कंपनी बुडाल्यावर वाचावं लागलं.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दरनिश्चितीपूर्वी जाहीर सुनावण्या घेतो आणि कोणताही ग्राहक त्यात लेखी हरकत-सूचना देऊ शकतो. 2025 मध्ये लोकांनी दुपारचं युनिट वाचवण्यासाठी हा हक्क वापरला. पुढच्या सुनावणीत सोसायट्यांनी, ग्राहक पंचायतींनी आणि व्हेंडरांच्या संघटनांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत घरातून आलेल्या युनिटचा दर, जो किमान दहा वर्षांसाठी आधी जाहीर होईल; ज्यांनी आज पॅनेल बसवली आहेत त्यांना त्यांच्या जोडणीच्या दिवशीचा नियम वीस वर्षं; आणि एखाद्या उपविभागात, समजा पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात, सोसायट्यांच्या बॅटऱ्या एकत्र बांधून वर्षभराचा प्रयोग, ज्याचे आकडे आयोग सगळ्यांसमोर ठेवेल.